पावतीवरचा नंबर आणि फोनवरचा नंबर

देणगीसंकलनासाठी कॉलिंग सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांस,



पुण्यातल्या एका धर्मादाय संस्थेत मी गेली चौदा वर्षं देणगीदारांशी फोनवर बोलण्याचं काम करते. उपचारांसाठी खेड्यापाड्यांतून पुण्यात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण, एवढंच आमच्या संस्थेचं काम. त्याला लागणारा बराचसा पैसा पाचशे, हजार, दोन हजार अशा लहान देणग्यांतून येतो आणि त्यातल्या बहुतेक फोनवर बोलून मिळतात. सुरुवातीला मी एकटीच होते. टेबलावर एक लँडलाइन आणि एक जाड वही. आज आम्ही सातजणी आहोत. प्रत्येकीच्या कानाला हेडफोन आणि समोर तुमच्यापैकीच कुणीतरी विकलेलं सॉफ्टवेअर. आतापर्यंत तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरून झाली. त्यांची नावं घेत नाही, कारण तक्रार कुणा एकाची नाही. आम्ही फोन केला की समोरच्याच्या फोनवर जो नंबर दिसतो, त्याला वालीच नाही, ही तक्रार आहे आणि ती तिन्हीकडे सारखीच होती.

काय घडलं ते आधी सांगते.

साताऱ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक आमचे जुने देणगीदार. पत्नीच्या स्मृतिदिनाला दरवर्षी १००१ रुपये पाठवतात. अकरा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. तो दिवस जवळ आला की आमच्यापैकी कुणीतरी त्यांना फोन करून चौकशी करतं, त्या दिवशीच्या जेवणाच्या पंगतीत बाईंचं नाव फळ्यावर लिहू असं सांगतं. मागच्या वर्षी नव्या सॉफ्टवेअरवरून फोन गेला. सर देवपूजेत होते, उचलला नाही. दुपारी त्यांनी मिस्ड कॉल पाहिला आणि उलट फोन लावला. पलीकडून एका मुलाने विचारलं, "हप्ता कधी भरताय?" सर म्हणाले, मी कुठलंच कर्ज काढलेलं नाही. पलीकडचा आवाज चढला. ७८ वर्षांचा तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पासबुक, आधारकार्ड आणि मुलाला घेऊन बँकेत गेला. आपल्या नावावर कुणी परस्पर कर्ज उचललं की काय, या धास्तीने त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती.

आम्हाला हे कळलं ते आठवड्याने. आमच्या जुन्या पावतीवर छापलेल्या लँडलाइनवर त्यांच्या मुलाने फोन केला, तोही तुमची संस्था अजून चालू आहे ना, हे विचारायला. मग आम्ही शोध घेतला. आम्हाला दिलेले सहा नंबर कंपनी आणखी काही ग्राहकांनाही वापरायला देत होती. बाहेर जाणारा फोन आमचा, पण त्याच नंबरवर उलट येणारा फोन कर्जवसुली करणाऱ्या दुसऱ्या एका ग्राहकाच्या रांगेत जात होता. कंपनीच्या मदतकक्षाने "सेटिंगमध्ये बदल केला आहे" असं कळवलं आणि तक्रार बंद झाल्याचा मेसेज पाठवला. सरांना फोन करून माफी मागायचं त्यांच्या कुणाच्या मनात आलं नाही. ते काम आम्हीच केलं.

तेव्हा पहिली विनंती ही की आमचे नंबर फक्त आमचे असू द्या. आम्हाला दिलेल्या नंबरवर येणारा प्रत्येक उलट फोन आमच्याच माणसाने उचलायला हवा. सगळ्याजणी बोलण्यात असल्या तर संस्थेचं नाव, कामाची वेळ आणि "आम्ही फोन करू" एवढं मराठीत सांगणारी ध्वनिफीत लागावी, आणि उलट फोन करणाऱ्याचा नंबर आमच्या स्क्रीनवर 'परत फोन करायचा आहे' असा दिसावा. उलट फोनाची सोय तुमच्या दरपत्रकात जास्तीचे पैसे देऊन घ्यायची जोड म्हणून असते. देणगी मागणाऱ्याने फोन करायचा आणि देणाऱ्याने उलट केला तर तो घ्यायचा नाही, अशी सेवा मुळात विकायलाच का ठेवावी?

दुसरी गोष्ट नंबर फिरवण्याची. सॉफ्टवेअर दाखवायला येणारा तुमचा प्रत्येक विक्री प्रतिनिधी हे वैशिष्ट्य म्हणून सांगतो. पाच-सहा नंबरांचा गठ्ठा करायचा, प्रत्येक फोनला वेगळा नंबर दाखवायचा, एखाद्यावर ट्रूकॉलरमध्ये लाल पट्टी आली की तो काढून नवा घालायचा. "मॅडम, नंबर जळला की बदलायचा, काळजी करू नका." हे वाक्य मी तिन्ही कंपन्यांच्या तोंडून जवळपास जसंच्या तसं ऐकलं आहे. पण नंबर जळतो म्हणजे काय होतं, हे तर बघा. त्या नंबरवरून आलेला फोन नकोसा वाटला म्हणून लोकांनी त्याची नोंद केली. त्यावर विचार करायचा तो फोन कुणाला, किती वेळा आणि कशासाठी केला याचा. तो न करता आपण नंबरच बदलतो, आणि ज्या माणसाने काल एक नंबर ब्लॉक केला त्याला आज दुसऱ्या नंबरवरून फोन करतो. ब्लॉक करून त्याने आपल्याला उत्तर दिलेलं असतं आणि आपण ते ऐकायचंच नाही असं ठरवलेलं असतं. शिवाय नवा नंबर टिकतही नाही. आमच्याकडे गठ्ठ्यातला नवा नंबर महिन्याच्या आत लाल झाल्याचं मी पाहिलं आहे. याउलट आमची जुनी लँडलाइन अजूनही संस्थेच्या नावाने ओळखली जाते.

लोक घाबरलेले आहेत आणि त्यांनी घाबरण्यात काही गैर नाही. मध्यंतरी कुठलाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीबद्दल सावधगिरीची सूचना ऐकू यायची. फसवले गेलात तर १९३० वर कळवा, हे आता आजीआजोबांनाही पाठ झालं आहे. अशा दिवसांत आमच्या मुली फोनवर काय विचारतात ते ऐका. "सर, पॅन नंबर सांगता का?" विचारावंच लागतं. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०जी खाली सवलत मिळणाऱ्या देणग्यांचा तपशील देणगीदाराच्या पॅन किंवा आधारसारख्या ओळख क्रमांकासह आयकर खात्याला फॉर्म १०बीडीमध्ये कळवावा लागू लागला, तोही ३१ मेच्या आत. त्यानंतरच देणगीदाराला प्रमाणपत्र देता येतं. म्हणजे अनोळखी, रोज बदलणाऱ्या नंबरवरून एक अनोळखी मुलगी पॅन विचारते. मी स्वतः असा फोन आला तर सांगणार नाही, माझ्या आईलाही सांगू देणार नाही. मग देणगीदाराने का सांगावा?

हे एकदा जवळून पाहा. आमच्याकडची एक मुलगी, कामाला लागून दोन महिने झालेली, नाशिकच्या एका बाईंशी बोलत होती. बाईंनी पैसे द्यायचं कबूल केलं आणि मग विचारलं, "तू कुठल्या नंबरवरून बोलतेयस ते सांग, म्हणजे मी पडताळून पाहते." प्रश्न रास्त होता. मुलीने स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर बाईंचं नाव होतं, गेल्या देणगीची तारीख होती, बोलणं संपल्यावर निवडायचे पर्याय होते, बाजूला सेकंद मोजणारं घड्याळ होतं. आपला कुठला नंबर पलीकडे दिसतो आहे ते कुठेच नव्हतं. तिने मानेनेच मला विचारलं. मलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, मला दिसत नाही." बाईंनी फोन ठेवला. त्यांचं बरोबरच होतं. आपण कुठून बोलतोय हे ज्याला सांगता येत नाही त्याला पैसे कोण देईल? ती पोर संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलली नाही.

म्हणून तिसरी विनंती अगदी साधी आहे. फोन चालू असताना पलीकडे जो नंबर दिसतो तो बोलणारीच्या स्क्रीनवर ठळक अक्षरांत दिसू द्या. यासाठी तुम्हाला नवं काही शोधून काढायचं नाही, ती माहिती तुमच्याकडे त्याच क्षणी असते.

आता कोल्हापूर. एका कंपनीने 'स्थानिक नंबर' ही सोय आम्ही न मागताच चालू करून ठेवली होती. कोल्हापूरच्या माणसाला फोन केला की ०२३१ चा नंबर दिसायचा, नागपूरच्या माणसाला ०७१२ चा. ओळखीचा कोड दिसला की लोक फोन उचलतात, हे खरं आहे. कोल्हापूरच्या एका बाईंनी उचलला आणि त्या फार खूश झाल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुमचं कोल्हापुरात ऑफिस निघालं. मी उद्याच तांदूळ आणि चांगल्या चादरी घेऊन येते, पत्ता सांगा." पत्ता नव्हता, कारण ऑफिसच नव्हतं. त्या चादरी आमच्या खोल्यांना हव्याच होत्या. पण आम्ही त्यांना काय सांगणार होतो? की आम्ही पुण्यातूनच बोलतोय आणि तुमच्या फोनवर कोल्हापूरचा नंबर मुद्दाम दाखवला आहे? दूरसंचार कायदा २०२३ मध्ये ओळख क्रमांकात फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तुमचे स्थानिक नंबर रीतसर घेतलेले असतात, त्यामुळे तो कायदा इथे लागू नसेल. पण त्या बाईंना जे वाटलं ते खोटं होतं आणि ते आमच्या नावावर वाटलं. ही सोय धर्मादाय संस्थांना देऊच नका. निदान आमच्या कार्यवाहांची लेखी संमती घेतल्याशिवाय चालू करू नका.

दहा अंकी साध्या मोबाईल नंबरांबद्दलही लिहायलाच हवं. प्रचाराच्या फोनांसाठी ठेवलेला, १४० ने सुरू होणारा नंबर दिसला की लोक फोन कापतात, हे तुमचे प्रतिनिधी आम्हाला सांगतात आणि मग आवाज उतरवून साध्या मोबाईल नंबरांचा मार्ग सुचवतात. दूरसंचार नियामक ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये काय आदेश दिला ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे: नोंदणी न करता असे प्रचाराचे फोन करणाऱ्याची सगळी दूरध्वनी साधनं तोडायची आणि त्याला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाईला पुरेशा आहेत. आधी सात दिवसांत दहा लागत. 'सगळी साधनं' या शब्दांचा आमच्याकडे काय अर्थ होतो? ज्या लँडलाइनवर रात्री अकरा वाजता गडचिरोलीहून निघालेल्या एखाद्याचा "आम्ही एसटीत बसलोय, खोली ठेवा" असा फोन येतो, तीही तुटणार. तुमचा एक ग्राहक कमी होईल. आमच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्या रात्री कुणाला विचारावं ते कळणार नाही.

इथे सरकारकडेही थोडी तक्रार आहे. प्रचाराचे कुठले फोन चालतील, कुठले नकोत, याची पसंती १९०९ वर नोंदवताना बँका-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य असे गट निवडता येतात. देणगीचा गट त्यात नाही. १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका बँका, विमा यांसारख्या वित्तीय संस्थांना आणि सरकारी कार्यालयांना दिली आहे. आमच्यासारख्यांनी कुठे बसायचं हे कुणी स्पष्ट सांगत नाही. त्याबद्दल आम्ही वेगळं पत्र लिहू. पण नियम धूसर आहे म्हणून त्याच्या फटीतून जायची वाट दाखवणं, हे तुमचं काम असू नये.

"पुन्हा फोन करू नका" असं कुणी सांगितलं, तर तो नकार माणसाला चिकटला पाहिजे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो एका यादीला किंवा एका मोहिमेला चिकटतो. जानेवारीच्या यादीत नको म्हणालेल्या माणसाला मार्चच्या यादीतून नव्या नंबरवरून पुन्हा फोन जातो, आणि तो चिडतो तेव्हा समोरच्या मुलीला आधीचा नकार दिसतही नाही. अमेरिकेत धर्मादाय संस्थांना राष्ट्रीय 'फोन नको' यादीतून सूट आहे, तरी त्यांच्या वतीने फोन करणाऱ्या धंदेवाईक कंपन्यांना ज्याने त्या संस्थेला नको म्हटलं त्याचं नाव त्या संस्थेच्या यादीत ठेवावं लागतं आणि पाळावं लागतं. त्या बाजारासाठी ही सोय करता येते, तर आमच्यासाठीही करता येईल.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. करार संपल्यावर नंबराचं काय होतं?

आमच्या पहिल्या कंपनीबरोबरचा करार संपला तेव्हा तिने दिलेले नंबर तिच्याकडेच राहिले, कारण ते तिच्याच नावावर होते. आम्ही ते दोन वर्षं वापरले होते. मी स्वतः शेकडो देणगीदारांना सांगितलं होतं, "काका, हा नंबर आमच्या नावाने सेव्ह करून ठेवा." त्यांनी केला होता. करार संपल्यानंतर कधीतरी तोच नंबर दुसऱ्या कुणाच्या हातात गेला. पिंपरीच्या एका देणगीदारांचा फोन आला, की तुमच्याकडून काल प्लॉट विकायचा फोन आला होता, संस्था आता जमिनीच्या व्यवहारात उतरली का? त्यांच्या फोनवर आमचं नाव झळकलं होतं आणि पलीकडे भलताच माणूस होता. तो प्लॉट विकणारा होता म्हणून निभावलं. पॅन विचारणारा असता तर त्या काकांनी विश्वासाने सांगून टाकला असता, कारण तो विश्वास मीच त्यांच्या फोनमध्ये ठेवून आले होते. अजूनही तो नंबर कुणाकुणाच्या फोनमध्ये आमच्या नावाने पडून आहे, ते मला माहीत नाही. एकेकाला फोन करून "तो नंबर काढून टाका" असं सांगण्यात आम्ही पूर्ण एप्रिल घालवला.

बंद झालेला मोबाईल नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही. आमच्या देणगीदारांच्या हिशेबात ९० दिवस काहीच नाहीत. ते वर्षातून एकदा आठवण काढतात: वाढदिवसाला, स्मृतिदिनाला, नाहीतर ३१ मार्चच्या आधी.

धर्मादाय संस्थेत पावतीपुस्तकं कशी सांभाळली जातात, हे तुमच्यापैकी कुणी पाहिलं आहे का? प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. कुठलं पुस्तक कुणाला कधी दिलं, परत कधी आलं, याचं रजिस्टर असतं. पावती चुकली तर फाडून टाकत नाही. 'रद्द' लिहून मूळ प्रत स्थळप्रतीला जोडून ठेवतो, कारण लेखापरीक्षक ती मागतात. शंभर रुपयांच्या पावतीसाठी एवढं करतो. मग ज्या नंबरवरून लाखोंची देणगी मागितली जाते त्याचं रजिस्टर कुठे आहे? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो कुणीही दोन क्लिकमध्ये नंबर बदलतो आणि मागे खूणही राहत नाही.

आम्हाला तसंच रजिस्टर हवं आहे. नंबर कधी घेतला, आमच्याआधी कुणाकडे होता, कोणत्या यादीला कोणत्या तारखेपासून दाखवला, कुणी बदलला, कुणाच्या परवानगीने बदलला, आणि सोडला तर कधी. बदलण्याचा अधिकार कार्यवाह आणि आणखी एक पदाधिकारी या दोघांनाच असावा. नंबर आमच्या संस्थेच्या नावावर, आमच्या कागदपत्रांवर घ्यावा, म्हणजे कंपनी बदलली तरी तो आमच्याबरोबर येईल. फोन करणाऱ्याचं नाव समोरच्याला दिसावं, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आहे. ती व्यवस्था सगळीकडे आली आणि नंबर तुमच्या नावावर राहिला, तर देणगीदाराला आमच्याऐवजी एका सॉफ्टवेअर कंपनीचं नाव दिसेल. त्यालाच तो फसवणूक समजेल. आणि एखादा नंबर सोडावाच लागला, तर निदान दोन वर्षं तो दुसऱ्या कुणाला देऊ नका. त्या काळात त्यावर फोन करणाऱ्याला आमचा चालू नंबर सांगणारी सूचना ऐकू येऊ द्या. त्याचं भाडं आम्ही देऊ. हे मी आमच्या विश्वस्तांना विचारूनच लिहिते आहे.

यात आमच्या संस्थांचीही चूक आहे, ती लपवत नाही. सॉफ्टवेअर निवडताना आमच्या बैठकांत एकच आकडा विचारला जातो: शंभर फोन केले तर उचलतात किती. नंबर कुणाच्या नावावर असेल हा प्रश्न मी पहिल्या दोन करारांच्या वेळी विचारला नाही. तिसऱ्या वेळी विचारला, तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं की असा प्रश्न विचारणारी आमची पहिलीच संस्था. हे पत्र इतर संस्थांच्या कार्यवाहांच्याही वाचनात यावं, म्हणून ते खुलं लिहिलं. नव्या कराराला सही करण्याआधी त्यांनी हा प्रश्न विचारावा.

तुमच्यापैकी कुणाला हे काम प्रत्यक्ष बघायचं असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस आमच्या फोनच्या खोलीत येऊन बसा. एक हेडफोन जास्तीचा आहे. दुपारचं जेवण नातेवाइकांच्या पंगतीतच होईल.

साताऱ्याच्या सरांचा १००१ रुपयांचा चेक यंदाही आला, पोस्टाने. सोबत चार ओळींची चिठ्ठी होती: पंगत नेहमीसारखी व्हावी, बाईंचं नाव फळ्यावर लिहावं, आणि यापुढे फोन करू नये, पत्र पाठवावं. त्यांच्या नावापुढे तशी नोंद केली आहे, तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही आणि माझ्या जुन्या वहीतही.

या पत्राचं उत्तर फोनवर द्यायचं असेल तर आमच्या पावतीवर छापलेल्या लँडलाइनवर द्यावं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात तो फोन आमच्यापैकीच कुणीतरी उचलतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
देणगीदारांना फोन करणारी एक कार्यकर्ती,
पुणे